‘काका, बायोस एक्सपायर झालंय’ सांगून साडेचार हजार उकळले, घरी जुना पीसी असेल तर वाचा

दुकानाचं नाव टाकत नाही, पुण्यात सिंहगड रोडला आहे एवढंच सांगते. बायोस म्हणजे पीसी चालू करताना विंडोजच्या आधी चालणारं छोटं सॉफ्टवेअर, ते मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असतं; पुढे नुसतं बोर्ड म्हटलंय ते हे मदरबोर्ड. बाबांचा पीसी २०१९ चा, सोसायटीचा हिशोब, थोडं बँकेचं काम आणि यूट्यूबवर नाट्यगीतं, याच्यापलीकडे त्याला काही काम नाही. मध्यंतरी रोज सकाळी चालू केला की काळ्या स्क्रीनवर सीमॉसची काहीतरी एरर आणि एफ १ दाबा असं यायला लागलं, दाबलं की विंडोज चालू व्हायचं पण तारीख जाऊन बसायची २०१९ मध्ये, मग बँकेची साइट उघडेना, ब्राउझर म्हणतो तुमचं घड्याळ मागे आहे. बाबांनी त्या काळ्या स्क्रीनचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपला पाठवला होता, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

मी ऑफिसात, त्यामुळे बाबा स्वतःच कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात गेले. तिथे त्या माणसाने दोन मिनिटं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, काका, तुमचं बायोस एक्सपायर झालंय, ऑक्टोबरमध्ये विंडोज १० बंद झालं ना, त्यामुळे सगळ्या जुन्या बोर्डांचं होतंय. बाबा म्हणाले मग काय करायचं? तर म्हणे कंपनीचं बूटेबल मीडिया (ज्यावरून पीसी चालू करता येतो असा पेनड्राइव्ह वगैरे) लागतं, ते फक्त डीलरला मिळतं आणि एकदाच चालतं, वर लायसन्स, आणि चिप वीक आहे ती पण बदलावी लागेल नाहीतर अपडेट मध्येच अडकून बोर्ड कायमचं जाईल. आता सत्तरीतल्या माणसाला बोर्ड कायमचं जाईल म्हटल्यावर तो हो म्हणणारच ना. लायसन्स १५००, मीडिया ८००, चिप २२००. बाबांनी विचारलं मी इथे बसू का, तर नको काका, अँटिस्टॅटिक रूममध्ये करावं लागतं, संध्याकाळी या. अँटिस्टॅटिक रूम! त्या दुकानात दोन माणसं एकावेळी उभी राहू शकत नाहीत. बिल मागितलं तर कच्च्या चिठ्ठीवर ‘बायोस सर्व्हिस ४५००’.

पीसी घरी आला, तारीख बरोबर, एरर गायब, बाबा खूश. मला मात्र ते लायसन्स काही पचेना. बायोसची फाइल बोर्ड बनवणारी कंपनी स्वतःच्या साइटवर फुकट देते, त्याला लायसन्स नसतं आणि त्याला एक्सपायरी पण नसते. मग विंडोजचं बटण आणि आर दाबून एमएसइन्फो३२ टाकलं, तिथे बायोस व्हर्जन आणि तारखेची एक ओळ असते. बाबांच्या व्हॉट्सॲप फोटोत वर कोपऱ्यात तेच दोन्ही होतं, शेजारी धरून बघितलं तर एका अक्षराचा फरक नाही, २०१९ चं बायोस २०१९ चंच. मग कॅबिनेट उघडलं. बायोसची चिप म्हणजे बोर्डावर बहुतेक वेळा सोल्डर केलेली आठ पायांची एवढीशी काळी चिप, ती बदलायची तर सोल्डर काढावं लागतं, इथे तिच्यावरची धूळ पण हलली नव्हती. नवीन काय होतं तर चकचकीत सेल.

सीआर २०३२, ताटलीसारखा तो गोल सेल. पीसीचा मेन बंद असतो तेव्हा घड्याळ आणि सीमॉस, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज, त्याच्यावर चालतात, आणि आमचे बाबा रोज रात्री न चुकता भिंतीवरचं बटण बंद करतात म्हणून तो संपला. तपकीर गल्लीत जाऊन विचारलं तर चांगल्या कंपनीचा सेल पन्नास रुपयांच्या आत, आणि तिथल्या दुकानदाराने एररचं नाव ऐकूनच सांगितलं की ताई आधी सेल बदला. म्हणजे गल्लीत सगळे चोर नसतात हे पण लिहायला हवं.

या लोकांची गंमत अशी की निम्मं खरं असतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण म्हणजे अपडेट थांबले, त्याचा बोर्डाशी काय संबंध? सिक्युअर बूटची (पीसी चालू होताना खोटं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) २०११ ची सर्टिफिकेट जून २०२६ पासून एक्सपायर होतात हे पण खरं, कोणी आता ते सांगून घाबरवेल, पण त्याने पीसी चालू व्हायचा थांबत नाही आणि ज्या विंडोजला अजून अपडेट मिळतात तिथे नवीन सर्टिफिकेट बहुतेक वेळा विंडोज अपडेटमधूनच येतात. आणि बूटेबल मीडिया हे पूर्वी खरंच लागायचं, डॉसची फ्लॉपी नाहीतर पेनड्राइव्ह करून त्यातून फ्लॅश करायचे, म्हणजे चिपमध्ये नवीन बायोस लिहायचे, आजही रुफस या बूटेबल पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रॅममध्ये फ्रीडॉसचा ऑप्शन आहे. पण गेल्या बऱ्याच वर्षांच्या बोर्डांत ती सोय बायोसच्या आतच असते, गिगाबाइटचं क्यू-फ्लॅश, एमएसआयचं एम-फ्लॅश, असुसचं ईझी फ्लॅश, एएसरॉकचं इन्स्टंट फ्लॅश. साधा पेनड्राइव्ह फॅट ३२ ला फॉरमॅट करायचा, कंपनीची झिप उघडून आतली फाइल टाकायची, बायोसमध्ये जाऊन तीच निवडायची, एवढंच ते ‘डीलरलाच मिळणारं’ मीडिया.

मी मग ते बायोस अपडेट घरी केलं, कंपनीच्या पानावर सिक्युरिटीचे फिक्स दिसले म्हणून. नाहीतर नवीन प्रोसेसर टाकायचा नसेल आणि काही अडत नसेल तर उगाच हात लावू नका. बोर्डाचं नाव आणि शेजारी छापलेला रिव्हिजन नंबर दोन्ही जुळले पाहिजेत, रिव्हिजन वेगळी तर फाइल वेगळी असू शकते. काही बोर्डांना मधली एखादी व्हर्जन आधी टाकावी लागते, ते त्याच पानावर लिहिलेलं असतं. लॅपटॉप असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक) चालू असेल तर रिकव्हरी की आधी काढून ठेवा, नंतर मागितली तर बसाल शोधत. फ्लॅश चालू असताना लाईट गेली तर मात्र बोर्ड खरंच बसू शकतं, तेव्हा यूपीएसवर करा आणि गुरुवारी अजिबात नको, आपल्याकडे मेंटेनन्सला लाईट कधी जाईल नेम नाही.

आणि दुकानात देणारच असाल तर देण्याआधी बायोसच्या व्हर्जनचा फोटो काढा, काम समोर करा म्हणा, बदललेला पार्ट परत मागा. चिप बदलली ना, मग जुनी चिप द्या. एवढ्यावरच निम्म्यांची गाडी अडते.

मी दुकानात गेले होते, आधीच्या आणि नंतरच्या व्हर्जनचे दोन्ही फोटो घेऊन. साहेब म्हणाले, मॅडम व्हर्जन तेच राहतं, आतलं बदलतं. जुनी चिप मागितली तर काम करणारा मुलगा गावाला गेलाय. शेवटी आवाज चढवला तेव्हा म्हणे पुढच्या कामात ॲडजस्ट करून देतो, म्हणजे आम्ही परत येणार हे यांनी धरूनच चाललेलं! बाबा तर मागून हळूच म्हणत होते, जाऊ दे गं, वाद नको.

जाऊ दिलं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. पक्कं बिल नाही, पण बाबांनी पैसे यूपीआयने दिले होते त्याचा स्क्रीनशॉट, ती कच्ची चिठ्ठी आणि दोन्ही व्हर्जनचे फोटो जोडलेत. अजून उत्तर नाही, आलं की कळवते.