मोंबासाचा लेसो: आधी वाचा, मग घ्या

केनियात मोंबासाला राहायला येऊन दोन वर्षं झाली आणि कांगावर, म्हणजे इथल्या बायका नेसतात त्या एक ओळ छापलेल्या रंगीत सुती कापडावर, लिहीन लिहीन म्हणत राहूनच जात होतं. इथे त्याला जास्त करून लेसोच म्हणतात. परवा आईसाठी एक जोडी घ्यायला बियाशारा स्ट्रीटला गेले होते, बियाशारा म्हणजे स्वाहिलीत व्यापार, आणि रस्ताभर नुसती कापडाची दुकानं, आत ढिगावर ढीग. कादरदिना हाजी इसाक यांचं १८८७ सालापासूनचं दुकान याच रस्त्यावर, त्यांचा 'माली या अब्दुल्ला' हा शिक्का इथल्या बायका बरोबर ओळखतात. मी मात्र गेले शेजारीण नेहमी जिथे नेते त्या छोट्या दुकानात.

मला एक पिवळा लेसो बघताक्षणी आवडला, चारी बाजूंनी काळी किनार आणि मधे मोठ्ठ्या कोयऱ्या, अगदी आपल्या साडीवर असतात तशा. इथे त्याला कोयरी नाही म्हणत, कोरोशो म्हणजे काजू म्हणतात, आणि एकदा ऐकलं की खरंच काजूच दिसायला लागतो. मी पैसे काढणार तेवढ्यात दुकानदार काकांनी विचारलं कोणासाठी, म्हटलं आईसाठी, तर त्यांनी तो लेसो सरळ माझ्या हातातून काढून घेतला आणि खालची ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. 'हसीदी हाना सबाबू'. जळणाऱ्याला कारण लागत नाही! सबाबू म्हणजे आपलं सबबच, दोघांकडे अरबीतूनच आलेलं. हा टोमणा आहे, शेजारणीला नाहीतर सवतीला ऐकवायचा, तोंडाने एक शब्द न बोलता फक्त नेसून फिरायचं. आईसाठी मग त्यांनी दुसरी जोडी काढून दिली, 'नानी कामा मामा', आईसारखं कोण आहे. मामा म्हणजे इथे आई बरं का.

म्हणून सांगते, लेसो म्हणजे नुसतं प्रिंट नाही. किनार म्हणजे पिंडो, मधला भाग म्हणजे म्जी, आणि ती ओळ म्हणजे जिना, म्हणजे चक्क नाव. नाव नसलेला लेसो मला अर्धाच वाटतो. लग्नात नवरीला किसुतू नावाचा लाल-काळा-पांढरा लेसो, बाळ पाठीला बांधायला लेसो, स्वयंपाक करताना कमरेला लेसो. आमच्या शेजारणीचा आवडता म्हणजे 'सीसी सोते अबिरिया, देरेवा नी मुंगू', आपण सगळे प्रवासी, ड्रायव्हर देव. कुठल्याही यष्टीच्या मागे शोभेल!

मागच्या वर्षी एका हॉटेलातल्या दुकानातून मी लेसोचा शिवलेला किमोनो घेतला होता, दिसायला झकास पण कापड पॉलिस्टरमिश्रित आणि जिना बरोब्बर काखेत कापलेला, अर्धं वाक्य इकडे अर्धं गायब. फॅशनमधे हे कापड यावं, नक्की यावं, माझी काहीच हरकत नाही, पण शिवणाऱ्याने ती ओळ पाठीवर नाहीतर घेरावर अख्खी ठेवावी ना. एखाद्या बाईचं बोलणं मधेच तोडल्यासारखं वाटतं ते.

आता कामाचं. जोडी न कापलेलीच मिळते, एकेक तुकडा साधारण दीड मीटर लांब आणि एक मीटरहून थोडा जास्त रुंद, कापून कडा शिवून घ्यावी लागते. कापड सुती, पण सुरुवातीला खळ इतकी की पुठ्ठा वाटतो, दोन-तीन धुण्यांनंतर मस्त मऊ पडतं. पहिल्या धुण्यात रंग जातो, माझी पांढरी उशीची खोळ गुलाबी झाली, तेव्हा वेगळंच भिजवा. त्या रंगापायी अर्धा मार्क कापते, पाचपैकी साडेचार. काकांना मात्र पूर्ण पाच, कारण दुसरा कोणी असता तर पिवळा लेसो गुंडाळून दिला असता.

आईची जोडी कडा शिवून तयार आहे, पुढच्या महिन्यात साताऱ्याला जातेय. ओळीचा अर्थ मराठीत चिठ्ठीवर लिहून घडीत ठेवलाय.