‘ताई, फोल्डिंग नको, फिक्स घ्या’ म्हणणाऱ्यापासून जपून

चाकू विकणाऱ्याने फसवलं म्हणून पोलिसांत जायला सहसा कोणी धजावत नाही, आणि हा धंदा नेमका त्यावरच चालतो. मटक्यात बुडालेल्या पैशांची तक्रार कोण करतं? ‘मुळात तुम्ही चाकू मागवलाच कशाला?’ हा प्रश्न आधी येणार, या धास्तीने माणूस दोन-चार हजारांवर पाणी सोडतो आणि गप्प बसतो. मी गप्प बसले नाही. तक्रार नोंदवली आहे, प्रकरण चालू आहे, म्हणून विक्रेत्याचं नाव इथे देत नाही. पण पद्धत सांगते, कारण ती सगळीकडे तीच दिसते.

मी चिंचवडला राहते. भोसरी एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांची जीएसटीची कामं बघते. वीस तारीख जवळ आली, थ्रीबी म्हणजे जीएसटीचं रिटर्न भरायची घाई सुरू झाली, की घरी परतायला दहा वाजून जातात. स्कूटीवर एकटीच असते. मिरचीचा स्प्रे डिकीत असतोच. त्यापेक्षा भरवशाचं काही मिळतं का, म्हणून एकदा मोबाइलवर शोधलं आणि त्यानंतर रील्सची रांगच लागली.

त्यातल्या एका रीलमध्ये सदाशिव पेठेतलं फुटेज वापरलं होतं. २७ जून २०२३ ची घटना, भर सकाळी एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला तो. फुटेज, मागे ढणाढणा संगीत, मग पडद्यावर ‘तुमच्या लेकीकडे काय आहे?’ आणि लगेच चाकू. त्या मुलीला वाचवलं ते एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी, आणि त्यांच्या हातात कसलंही हत्यार नव्हतं. कोयता हाताने धरला त्यांनी. रीलमध्ये तेवढाच भाग कापला होता.

मेसेज टाकला तर पाच मिनिटांत फोन. बोलणं अतिशय अदबीचं. उंची किती, दुचाकी की चारचाकी, पर्स खांद्याला लावता की हातात धरता, असं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, “ताई, पहिल्यांदाच घेताय ना, मग फोल्डिंगच घ्या. पर्समध्ये बसतो, एका हाताने उघडतो, लायनर लॉक आहे, ४४० स्टील आहे. नऊ इंचाच्या आत आहे, त्यामुळे लायसनचा प्रश्नच नाही.” पोहोचल्यावर पैसे देते म्हटलं, तर “या आयटमला सीओडी चालत नाही, कुरियरवाले घेत नाहीत.” यूपीआयने १,८९९ रुपये पाठवले. पैसे जाताना पडद्यावर दुकानाचं नाव न येता कुणा भलत्याच व्यक्तीचं नाव आलं. विचारलं, तर “आमचे पार्टनर आहेत.”

लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आत एक पत्र्याची पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकून त्याला धरून ठेवते. चांगल्या चाकूत ती पट्टी पात्याला घट्ट बसते. माझ्या चाकूत जेमतेम कडेला टेकत होती. नवऱ्याने पात्याची पाठ पोळपाटाच्या कडेवर हलकेच आपटून पाहिली. पट्टी सटकली, पातं मिटलं. त्याची बोटं मागे होती म्हणून निभावलं. मुठीवरचा चकचकीत मुलामा नखाने खरवडला की खाली करडा, हलका धातू दिसत होता.

‘४४०’ हा नुसता आकडाही काही सांगत नाही, हे नंतर कळलं. ४४० ए, बी आणि सी अशा तीन जाती आहेत. ए मध्ये कार्बन पाऊण टक्क्याच्या आत, सी मध्ये एक टक्क्याच्या आसपास. धार किती टिकणार ते त्यावर ठरतं. अक्षर न छापता नुसतं ४४० छापणाऱ्याला तुम्ही सी समजावं असंच वाटत असतं. अर्थात माझ्या चाकूत यातलं काहीच नव्हतं.

आता यातली खरी कारागिरी. मी तक्रार केली तेव्हा तो जराही चिडला नाही, पैसे परत देणार नाही असंही म्हणाला नाही. म्हणाला, “ताई, बरं झालं तुम्हीच बोललात. फोल्डिंग म्हणजे शेवटी सांधा. सांधा आला की कमजोरी आली. ओला हात, घाबरलेला माणूस, पर्सची चेन उघडा, मग चाकू उघडा. कुठे वेळ असतो? तुम्ही फिक्स घ्या. फुल टँग. पातं आणि मूठ एकाच लोखंडाची.” यातला शब्दन् शब्द खरा आहे! घडीच्या चाकूची कमजोर जागा सांध्यातच असते, आणि अखंड पात्याचा चाकू मजबुतीला उजवाच. मग हे ज्ञान आठवडाभर आधी कुठे होतं? तर आधी घडीच्या चाकूच्या सोयी सांगायच्या, तो बिघडला की अखंड पात्याच्या. दोन्ही खरं बोलून दोन्ही वेळा पैसे. आपण फोल्डिंग की फिक्स यातच गुंततो, विकणारा कोण आणि कुठला, हे विचारायचं राहून जातं.

वर फरकाचे १,६०० द्यायचे ठरले. ‘डी टू स्टेनलेस, आठ इंची पातं.’ आणि फिक्स पाठवायचा तर ‘कॅरी परमिट कार्ड’ सक्तीचं, त्याचे ९९९ वेगळे. अडकलेले १,८९९ सोडवायचे तर दुसरी वाटच ठेवली नव्हती. ते कार्ड मी जपून ठेवलं आहे: अशोकस्तंभ, होलोग्राम, माझा फोटो, ‘ऑल इंडिया व्हॅलिड’. शस्त्राचा परवाना पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी देतात. कोणताही दुकानदार असलं कार्ड देऊ शकत नाही.

दुसरं पार्सल आलं ते मी थेट भोसरीतल्या माझ्या एका पक्षकाराच्या टूलरूममध्ये घेऊन गेले. मालकांना सगळे मामा म्हणतात. पस्तीस वर्षं पंच आणि डाय बनवण्यात गेलेली. डी टू हे नाव ऐकून ते हसलेच. प्रेस टूलचे पंच याच जातीच्या स्टीलचे असतात, टूलरूममध्ये त्याला एचसीएचसीआर म्हणतात. “मॅडम, हे हार्डन केलं की कडकपणा अठ्ठावन्न-साठ रॉकवेलला जातो. त्यावर फाईल घसरते, चावत नाही.” त्यांनी कानशीचं टोक पात्याच्या मागच्या बाजूला लावून एकदाच ओढलं. कानस चावली. बारीक रुपेरी किस टेबलावर पडला. “हे तर पत्र्याच्या भावातलं आहे.” शिवाय डी टू मध्ये क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असतं, ते खऱ्या अर्थाने स्टेनलेस नाही, ओलं राहिलं तर गंजतं. म्हणजे ‘डी टू स्टेनलेस’ ही जाहिरात तिथेच खोटी पडते.

मग त्यांनी मुठीचे स्क्रू काढले. ‘फुल टँग’ म्हणजे पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेलं हवं. आत निघाला पेन्सिलीएवढा एक रॉड, पात्याला वेल्डिंगने चिकटवलेला, आणि उरलेल्या पोकळीत काळं प्लॅस्टिक. वेल्डचा थेंबही धड घासला नव्हता. फिक्स फिक्स म्हणून विकलेल्या चाकूला खरं तर सांधाच होता, फक्त झाकलेला.

शेवटी त्यांनी सवयीने स्टीलची पट्टी लावली. “मॅडम, आठ कुठलं? नऊ इंच दोन सूत आहे हे.” मला त्या क्षणी त्याचं विशेष काही वाटलं नाही.

बिल मात्र माझ्या धंद्यातलं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. या बिलावर पत्ता गुजरातचा, म्हणजे २४ हवेत, आणि नंबर सुरू होतो ०७ ने, म्हणजे दिल्ली. पोर्टलवर टाकून पाहिला तर नोंदणी रद्द झालेली, आणि नाव एका कपड्यांच्या व्यापाऱ्याचं. मालाच्या रकान्यात एचएसएन, म्हणजे मालाच्या प्रकाराचा कोड, ९५०३. चाकूचा कोड ८२११. ९५०३ म्हणजे खेळणी!

हा निव्वळ गाढवपणा नव्हता, हे वकिलांनी सांगितलं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्रे’ म्हणजे काय याची व्याख्या आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी म्हणून बनवलेली वस्तू त्यात येते. घरगुती किंवा शेतीकामाची वस्तू येत नाही, आणि निव्वळ खेळणं म्हणूनच वापरता येईल अशी वस्तूही येत नाही. म्हणजे जाहिरातीत ‘सेल्फ डिफेन्स’ आणि बिलात ‘टॉय’. जाहिरात वाचून घेणारा तुम्ही, बिल दाखवून सुटणारा तो.

पार्सल येऊन थोडे दिवस झाले आणि व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल आला. खाकी शर्ट, मागे झेंडा, हिंदी. “आपके नाम पे नौ इंच से ऊपर का हथियार डिलिव्हर हुआ है. आर्म्स ॲक्ट सेक्शन २५.” घरचा पत्ता, पार्सलचा नंबर, चाकूचा फोटो, सगळं त्याच्याकडे. पंचवीस हजार भरले तर ‘फाइल बंद’. तेव्हा मामांचे ते दोन सूत लख्ख आठवले. जाहिरातीत आठ, पाठवला सव्वानऊ. हा माल चुकून लांब आलेला नव्हता. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि मुद्दाम त्या रेघेपलीकडचा चाकू गळ्यात मारून मग त्याचीच भीती घालायची, असा हा बेत. विकणाऱ्याशिवाय ते माप दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

मी त्याला एवढंच म्हटलं, “नोटीस ठाण्यातून घरी पाठवा, वकिलांना घेऊन येते.” तो ओरडू लागला, मी फोन ठेवला. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत. हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावणं ग्राह्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दुसऱ्या दिवशी वकिलांना सोबत घेऊन दोन्ही चाकू, कार्ड आणि बिल पोलिसांकडे नेऊन दिलं. त्याआधी १९३० वर फोन करून पैशांची तक्रार नोंदवली होती. शेवटची रक्कम त्या खात्यात गोठवली गेली, आधीची पुढे सरकलेली होती. ‘चाकू कशाला मागवला’ हा प्रश्न आला, हो. खरं उत्तर दिलं. पुढचा प्रश्न यूपीआय आयडीचा होता. वस्तू ताब्यात घेतल्या, पोच दिली. माझा अनुभव एवढाच, प्रत्येक ठिकाणी असंच होईल असा दावा नाही. पण वकील म्हणाले ते पटलं: वस्तू लपवून ठेवून नंतर सापडण्यापेक्षा स्वतः नेऊन देणं केव्हाही बरं.

आणखी एक, जे हे विक्रेते कधीच सांगत नाहीत. ‘नऊ इंचाच्या आत म्हणजे कुठेही न्या’ हे महाराष्ट्रात धादांत खोटं आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढतात. सणवार, निवडणुका, मोर्चे असले की हे आदेश निघतातच. त्यात चाकू, सुरे, काठ्या, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगून फिरायला बंदी असते, आणि आदेश मोडला तर कलम १३५ खाली शिक्षा. तिथे पट्टी घेऊन कोणी इंच मोजत बसत नाही. दिल्लीत तर बटण दाबून किंवा खटक्याने उघडणाऱ्या चाकूंबद्दल वेगळी अधिसूचना आहे आणि ती ७.६२ सेंटीमीटरपासून, म्हणजे तीन इंचांपासूनच सुरू होते. पर्समध्ये असला चाकू विसरून दिल्लीला जाणाऱ्या बाईचं काय होईल, ते ‘ऑल इंडिया’ कार्डवाल्याला विचारा. स्वतःच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण तो गरजेपुरताच. रोज हत्यार घेऊन फिरायची मुभा त्यातून मिळत नाही.

घडीचा चाकू वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. ओपिनेल या फ्रेंच चाकूला १९५५ पासून पात्याच्या बुडाशी फिरवून बसवायची एक कडी आहे, साधी आणि पक्की. पण तो लोक फळं आणि पाव कापायला घेतात. घरात, शेतात, ट्रेकला चाकू लागतोच. तो बोहरी आळीतल्या किंवा तुमच्या गावातल्या भांड्यांच्या दुकानातून हातात घेऊन, उघडून, मिटून, पक्क्या बिलावर घ्या. ‘स्वसंरक्षणासाठी’ या शब्दाखाली जो विकला जातो, त्याच्यापासून लांब राहा. मी सध्या स्प्रे ठेवते, ११२ स्पीड डायलवर आहे, आणि वीस तारखेच्या आठवड्यात टूलरूममधली दुसरी गाडी टेल्को रोडपर्यंत सोबत असते.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांच्यासाठी. १९३० वर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात. वस्तू खोटी निघाल्याची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर वेगळी होते. विक्रेत्याला ब्लॉक करण्याआधी चॅट, रील आणि यूपीआयवर दिसलेलं नाव यांचे स्क्रीनशॉट काढा, कारण तुम्ही भांडलात की तो स्वतःच मेसेज पुसायला लागतो, माझे निम्मे असेच गेले. पार्सलचं वेष्टण फेकू नका. बिलावरचा पत्ता खोटा असला तरी कुरियरच्या लेबलवर माल कुठून उचलला त्याचा पिनकोड असतो. माझ्या बिलावर गुजरात होतं, जीएसटी नंबर दिल्लीचा, आणि लेबलवरचा पिनकोड निघाला ठाणे जिल्ह्यातला. तपास आता तिथूनच सुरू आहे.