सोलापुरात घरावर सोलर बसवून ८ महिने झाले, सगळं सविस्तर लिहितोय

जुळे सोलापूरला आमचं स्वतःचं घर आहे, मी, बायको, दोन पोरं आणि आई अशी पाच माणसं. गेल्या ऑक्टोबरात गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरी नाही, जास्तीची वीज लाइनीत जाते आणि नेट मीटरवर जमा होते. हिवाळा बघून झाला, उन्हाळा बघून झाला, आता मृग लागलाय, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. बसवायच्या आधी मी लई शोधलं होतं पण जिकडं तिकडं जाहिरातीच, वापरून सांगणारं कोणी सापडेना.

पैशाचं आधी. सगळं मिळून १ लाख ९० हजार गेले, त्यातले ७८ हजार सबसिडीचे खात्यावर परत आले. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागं ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार असा हिशोब आहे, त्याच्यावर मोठं बसवलं तरी ७८ हजारच. आणि पॅनलमधले सेल भारतात बनलेले पाहिजेत, डीसीआर पॅनल म्हणतात त्याला, ते कोटेशनवर लिहून घ्या, नाहीतर सबसिडी अडकते. आधी आमचं एप्रिल-मेचं बिल साडेचार-पाच हजारांच्या खाली कधी यायचं नाही. आता स्थिर आकार आणि किरकोळ धरून दीडशे-दोनशे येतंय. स्थिर आकार सुटत नाही बरं का, बिल एकदम शून्य होईल असं कोणी सांगितलं तर धरून बसू नका.

आता चूक कुठं झाली ते. ज्याच्याकडून बसवलं त्या माणसानं ऑक्टोबरात येऊन गच्ची बघितली, ऊन भरपूर आहे म्हणाला, पॅनल लावून गेला. डिसेंबरात युनिट कमी पडायला लागले. नोव्हेंबरात ३४५ निघाले होते आणि डिसेंबरात २८५, मला वाटलं थंडीमुळं असेल. एक दिवस सुट्टी होती म्हणून सकाळपासून गच्चीवर जाऊन बघत बसलो तर दक्षिणेच्या बाजूला पाण्याची टाकी आहे तिची सावली साडेअकरापर्यंत एका पॅनलवर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली कलतो ना, ऑक्टोबरात जी सावली नव्हती ती डिसेंबरात लांबून पॅनलवर आली, आणि पॅनल एका माळेत जोडलेले असतात त्यामुळं एकावर सावली पडली की बाकीच्यांनाही मार बसतो. त्या माणसाला आठ-दहा फोन केले, उद्या येतो परवा येतो, आलाच नाही. शेवटी प्लंबर आणून टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात नेली, साडेतीन हजार खर्च झाला, आणि फेब्रुवारीत ३७० निघाले. म्हणून सांगतो, टाकी, जिन्याची खोली, शेजारचा मजला, नारळ, काहीही दक्षिणेला असेल तर डिसेंबरची सावली कुठवर येते ते बसवणाऱ्याकडून आधी खुणा करून घ्या.

दुसरा गैरसमज आपल्या सोलापूरकरांचा, की आपल्याकडं ऊन लई म्हणजे वीज लई. माझंही तसंच मत होतं. पण पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. बाहेर ४२ असतं तेव्हा काच हात लावू देत नाही, ६० च्या वर जाते, आणि पॅनलची ताकद २५ अंशाच्या वर प्रत्येक अंशाला साधारण पाव ते अर्धा टक्क्याच्या मधे कमी होत जाते. मार्चमध्ये ४१५ युनिट मिळाले, मेमध्ये दिवस मोठा असून ३९५. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवून नाही बसवायचे, खालून वारा खेळला पाहिजे.

आमचं स्ट्रक्चर आठ फूट उंच करून घेतलं, त्याला पंधरा हजार जास्त लागले, आणि त्याचं खरं कारण आई. तिचा पहिला प्रश्नच हा होता, "कुरडया कुठं घालायच्या मग?" बरोबरच आहे, शेवया, पापड, मिरच्या, शेंगा, आमची गच्ची मार्च ते मे भरलेलीच असते. आता अर्धी गच्ची उन्हात आणि अर्धी पॅनलच्या सावलीत, वाळवण एकीकडं आणि आई राखायला सावलीत बसते. शिवाय वरच्या खोलीचा स्लॅब तापायचा कमी झालाय. आधी रात्री अकरा वाजता पण भिंतीतून झळ यायची, पोरं खाली येऊन झोपायची, यावर्षी पोरं वरच झोपली, नुसत्या कूलरवर. हा फायदा मला कुणीच सांगितला नव्हता.

धुण्याचं. आपल्याकडची धूळ माहीतच आहे. बोरच्या पाण्यानं एकदा धुतलं तर काचेवर पांढरे क्षार बसले, ते काढायला जीव गेला. आता नळाला पाणी येतं त्या दिवशी दोन बादल्या बाजूला ठेवतो आणि सूर्य वर यायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसतो. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. पंधरा दिवस पुसलं नाही तर दिवसाचे १३ चे ११ युनिट होतात, मी वहीत लिहून ठेवलंय.

लाइट गेली की हे सोलर पण बंद होतं. भर दुपारी, ऊन असताना. वळवाच्या पावसात तार तुटून चार तास लाइट नव्हती तेव्हा शेजारचे काका विचारायला आले, सोलर असून पंखा बंद कसा. तर आपली वीज लाइनीत गेली आणि खांबावर माणूस काम करत असला तर त्याच्या जीवावर बेतेल, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी, स्वतःहून थांबतो. आमचा जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर तसाच ठेवलाय.

सोलरच्या आधी सगळे पंखे बदलले, जुना ७५ वॅटचा आणि नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, २८-३० वॅटचा. त्यामुळंच ३ किलोवॅट पुरलं. भात, डाळ, दूध, चहा इंडक्शनवर गेलं, सिलिंडर आधी दीड महिना जायचा आता तीन महिने जातोय. भाकरी मात्र गॅसवरच, ज्वारीची भाकरी आचेवर फुगल्याशिवाय आमच्याकडं कुणी खात नाही. शिल्लक युनिटचा हिशोब ३१ मार्चला बंद होतो हे लक्षात ठेवा, आणि वीज फुकट आहे म्हणून एसी घ्यायचा मोह टाळा, आमच्याकडं त्यावरून दोन दिवस चर्चा झाली, नाही घेतला.

मी हे नुसतं बिलासाठी केलं नाही. इथं जवळच फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचे ६६० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात आणि कोळशाच्या विजेला वाफ, थंडावा सगळ्याला पाणी लागतं, ते पाणी उजनी धरणाचं. आणि आपण उजनीच्याच पाण्याची चार-पाच दिवस वाट बघतो. पॅनलला लागतं ते फक्त माझ्या दोन बादल्या. देशात सरासरी एका युनिटमागं ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आमचे आतापर्यंत २,७०० च्या वर युनिट झालेत, म्हणजे जवळपास दोन टन वाचला. पोरीनं हा गुणाकार स्वतः केला आणि शाळेत सांगितला, मला त्याचा लई आनंद झाला. इथला मे ज्यांनी काढलाय त्यांना हवामान बदलतंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

पूर्व भागात मामांचे यंत्रमाग आहेत, ते दोनदा येऊन मीटर बघून गेले. बहीण विजापूर रोडला फ्लॅटमध्ये राहते, तिच्या सोसायटीला वाटायचं सोलर फक्त बंगल्यांसाठी असतं. सोसायटीला पण मिळतं, लिफ्ट, मोटर, जिन्यातले दिवे यासाठी किलोवॅटमागं १८ हजार सबसिडी आहे. येत्या रविवारी त्यांची मीटिंग आहे, मी आठ महिन्यांची बिलं आणि वही घेऊन जाणार आहे. जाताना त्यांच्या गच्चीवर आधी टाकी कुठं आहे ते बघणार.