क्लॅरिओनेटच्या बोटांचे तीन तक्ते

लग्नसराई संपली की सोलापुरातील बँडच्या मुलांना सवड मिळते आणि माझ्याकडे क्लॅरिओनेट शिकायला येणाऱ्यांची संख्या वाढते. या पावसाळ्यात चार मुलांना शिकवताना मी कोणत्या स्वराला कोणती बोटे ठेवायची हे दाखवणारे तीन तक्ते शेजारी शेजारी लावून पारखले. एक नव्या वाद्याच्या खोक्यात मिळालेला घडीचा कागद, दुसरा नवी पेठेतील दुकानातून 120 रुपयांना आणलेला भिंतीवरचा तक्ता आणि तिसरा एका जुन्या वादकाच्या वहीवरून काढलेली झेरॉक्स.

घडीच्या कागदाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. छिद्रांची वर्तुळे ज्वारीच्या दाण्याएवढी आहेत आणि प्रत्येक स्वराला बोटांची एकच मांडणी दिली आहे. करंगळीची चावी डाव्या हाताची की उजव्या, हेही त्यात नीट दिसत नाही.

खरा फरक पडतो तो तिथेच. भीमपलासचा आरोह घ्या. त्यात रिषभ वर्ज्य असल्यामुळे षड्जावरून थेट कोमल गांधारावर जावे लागते. वरच्या सप्तकातील लिखित सी (नोटेशनमध्ये सी म्हणून लिहिलेला स्वर) हा षड्ज धरला, तर तो दोन्हीपैकी कोणत्याही करंगळीने वाजतो, पण 17 चाव्यांच्या सर्वसाधारण वाद्यावर त्यापुढच्या कोमल गांधाराची चावी फक्त उजव्या करंगळीकडे असते. म्हणून षड्ज डाव्या करंगळीनेच धरला पाहिजे, नाहीतर उजवी करंगळी एका चावीवरून दुसरीवर घसरत जाते आणि मध्येच नको तो स्वर डोकावतो. भिंतीवरच्या तक्त्यात डावी करंगळी निळ्या आणि उजवी लाल रंगात दाखवली असून दोन्ही पर्याय एकाखाली एक छापले आहेत. मुलांना हे एकदा बोट ठेवून दाखवले आणि त्याच आठवड्यात त्यांचा आरोह स्वच्छ झाला.

मधल्या सप्तकाच्या सांध्यावरही हाच तक्ता उपयोगी पडतो. बी फ्लॅटला डाव्या हाताची तर्जनी आणि अंगठा एवढेच काम असते, तर पुढच्याच बी स्वराला अंगठा, सहा बोटे आणि एक करंगळी एकाच क्षणी बसावी लागते. तक्त्यात हे दोन स्वर शेजारी मोठ्या आकारात दिले आहेत. शिवाय बी फ्लॅट भरदार वाजावा म्हणून अंगठ्याच्या रजिस्टर (सप्तक बदलणाऱ्या) चावीऐवजी बाजूची ट्रिल (दोन स्वर झटपट आलटून पालटून वाजवण्याची) चावी वापरण्याचा पर्यायही आहे.

मात्र विकत घेण्यापूर्वी आपले वाद्य तपासावे. हा तक्ता बोएम पद्धतीचा, म्हणजे 17 चाव्या आणि छिद्रांभोवतीच्या 6 कड्यांच्या वाद्याचा आहे. नाव बासरीकार बोएमचे असले, तरी ती रचना क्लॅरिओनेटवादक क्लोझे आणि वाद्यनिर्माता ब्युफे यांनी 1839 ते 1843 दरम्यान पॅरिसमध्ये सिद्ध केली. आपल्याकडे जुन्या बँडमध्ये अल्बर्ट पद्धतीची, म्हणजे चाव्यांच्या वेगळ्या, जुन्या रचनेची वाद्येही आढळतात आणि त्यांच्यावर काही स्वरांची बोटे वेगळी पडतात. माझ्या एका विद्यार्थ्याने घरातल्या अशाच जुन्या वाद्यावर घडीच्या कागदावरून आठ दिवस सराव केला आणि स्वर फसतो म्हणून तीन रीड (फुंकायच्या तोंडावरच्या पातळ पट्ट्या) बदलल्या. दोष रीडचा नव्हता, तक्ताच दुसऱ्या वाद्याचा होता, आणि त्या कागदावर पद्धतीचे नाव कुठेही छापलेले नव्हते. या गोष्टीचा मला मनापासून राग आला.

त्या मुलाला तिसऱ्या तक्त्याने तारले. तो अल्बर्ट पद्धतीचा असून स्वरांची नावे सरगमात आहेत, त्यामुळे नोटेशन न येणारा मुलगाही तो वाचू शकतो. झेरॉक्स फिकट आहे आणि तार सप्तकाचे वरचे स्वर त्यात नाहीत, तरीही जुन्या वाद्यासाठी मी तोच देतो.

तिन्ही तक्त्यांत एक उणीव सारखीच आहे. बी फ्लॅट क्लॅरिओनेटवर लिखित सी वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते, हे कुणीच लिहिलेले नाही, आणि पेटीबरोबर पहिल्यांदा बसणारा मुलगा त्यामुळे गोंधळतो. भिंतीवरच्या तक्त्याला मी आता लॅमिनेशन करून घेतले असून सीच्या वर्तुळाखाली मार्करने ‘काळी पाच’ असे ठळक लिहून ठेवले आहे.