फोटो दुरुस्ती आणि फ्रेम: काम चांगलं, पण पट्टीवरचा मजकूर आधी मागून घ्या (४/५)

धाकट्या काकांचा एकच धड फोटो घरात आहे. गणवेशातला, कृष्णधवल, तिरकी घडी पडलेला. काका हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट. डिसेंबर १९७१ च्या युद्धात सीमेपलीकडे गेले ते परत आलेच नाहीत. तारेत 'बेपत्ता' होतं, घरात आजही तोच शब्द चालतो.

फोटो साफ करून, रंगवून फ्रेम करायला दिला. चार दिवसांत मोबाइलवर नमुना आला. चेहरा सुरेख, ओठाजवळचा तीळसुद्धा राखलाय. बाकी गोंधळ. हवाई दलाचा निळसर-करडा गणवेश चक्क खाकी. डाव्या खिशावरच्या वैमानिकाच्या पंखांचं संगणकाने वेलबुट्टीत रूपांतर केलेलं. आणि घडी नेमकी खांद्यावरच्या दोन पट्ट्यांमधून गेलेली, तिची झाली तिसरी बारीक पट्टी. म्हणजे काका परस्पर स्क्वाड्रन लीडर! काकू हसल्या. "दिली बाई कुणीतरी बढती," म्हणाल्या.

हे सगळं पोराने न कुरकुरता, जादा पैसे न घेता दुरुस्त केलं.

खरा घोळ फ्रेमचा. खालच्या पितळी पट्टीवर नावाआधी 'कै.' कोरलेलं, वर चंदनाचा हार फुकट. फॉर्मवरचा दुसऱ्या तारखेचा रकाना मी कोरा सोडला होता, पण त्यांच्याकडे फोटो येतात ते बहुतेक गेलेल्यांचेच. आजीने शेवटपर्यंत या फोटोला हार घालू दिला नाही, श्राद्ध तर नाहीच. पाकिस्तानच्या कैदेत असावेत अशा बेपत्तांच्या सरकारी यादीत ५४ जण आहेत. २००७ साली काही नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग बघून आले, कुणी सापडलं नाही. काकूंनी मंगळसूत्र त्यानंतरही काढलं नाही. त्यांच्यासमोर ही फ्रेम ठेवायची कशी?

दुकानात जाऊन मालकांना सांगितलं. ते जरा वेळ पट्टीकडे बघत राहिले. मग पेचकस काढून माझ्यासमोरच दोन्ही स्क्रू सोडवले आणि पट्टी खणात टाकली. हार मी न सांगताच काढून घेतला. दोन दिवसांत नवी पट्टी आली: नाव, हुद्दा, 'बेपत्ता, डिसेंबर १९७१'.

एक तारा कापला तो पट्टीचा मजकूर आधी दाखवत नाहीत म्हणून.

चकाकी नसलेली काच थोडी महाग पडते, पण घ्याच. काकूंच्या खोलीत फ्रेमच्या समोरच खिडकी आहे, तरी भर दुपारी खांद्यावरच्या पट्ट्या दोनच दिसतात.