लर्न की स्टडी? ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी एकदा उघडून बघाच

मी मराठी मीडियमच्या आठवी ते दहावीच्या मुलांच्या इंग्लिशच्या ट्यूशन घेते आणि लर्न-स्टडीचा घोळ सोडवायला मला तरी या वेबसाइटइतकं कामाचं काही सापडलं नाहीये. फुकट आहे, मोबाईलवर मस्त चालते.

घोळ होतो कारण आपण पोहायला पण शिकतो आणि फर्ग्युसनला पण शिकतो, क्रियापद एकच. मग मुलं बिनधास्त लिहितात 'आय स्टडीड टू स्विम'. साध्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत लर्न म्हणजे शिकणे, स्टडी म्हणजे अभ्यास करणे, शिकणे, विषय संपला, मग कुठे काय वापरायचं ते मुलांना कळणार कसं?

इथे लर्न उघडलं की त्याच्या अर्थामध्येच येतं की ज्ञान किंवा कौशल्य मिळवणं, मग ते अभ्यासातून असो, अनुभवातून असो नाहीतर कोणी शिकवल्यामुळे असो. आणि स्टडीच्या अर्थात वेळ घालवणं आहे, वाचन, कॉलेज वगैरे. म्हणून 'आय स्टडीड ऑल नाइट बट आय लर्न्ट नथिंग' हे वाक्य बरोबर असतं, हे मुलांना एकदा पटलं की अर्धं काम झालं. खरी मजा पुढे आहे, शब्द कसा जोडायचा ते ठळक अक्षरात देतात, लर्न टू डू समथिंग, लर्न हाऊ, आणि स्टडी फॉर म्हणजे परीक्षेसाठी, स्टडी ॲट म्हणजे अमुक कॉलेजात. अभ्यास करतोय म्हणून आपल्याकडे सर्रास 'डूइंग स्टडी' म्हणतात ना, ते तिथे शोधूनही मिळत नाही, 'स्टडीइंग' एवढंच पुरतं. पाठ करायला मात्र 'लर्न बाय हार्ट', नुसतं 'बाय-हार्ट केलं' नाही.

अर्थ सगळे इंग्लिशमधूनच आहेत त्यामुळे पाचवी-सहावीच्या मुलांना जड जाईल, त्यांना शेजारी बसून दाखवावं लागतं. पण व्याख्या मुद्दाम सोप्या, ठरावीक शब्दांत लिहिल्यात. मुळात ही डिक्शनरी हॉर्नबी नावाच्या इंग्रज शिक्षकाने जपानमध्ये शिकवताना तयार केली, 1942 मध्ये तिकडेच आली आणि 1948 पासून ऑक्सफर्डने काढली, म्हणजे इंग्लिश घरी न बोलणाऱ्यांसाठीच आहे ती, आणि ते पानोपानी जाणवतं.

छापील पण मिळते, जाडजूड आहे. शाळेच्या लायब्ररीत एक हवीच, घरी वेबसाइट पुरे. उच्चाराचं बटण दाबून 'लर्न्ट' आणि 'लर्न्ड' दोन्ही ऐकवा मुलांना, दोन्ही चालतात.