हातात रक्कम की ताटात जेवण?

महाराष्ट्राच्या आदिवासी भागात गरोदर स्त्रीला आधार देणाऱ्या दोन योजना शेजारी शेजारी चालतात. 2017 पासूनची प्रधानमंत्री मातृवंदना योजना पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये हप्त्यांनी थेट बँक खात्यात जमा करते. राज्याने 2015 मध्ये सुरू केलेली अमृत आहार योजना गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचे ताजे, चौरस जेवण देते.

रोख रकमेमुळे खर्चाचा निर्णय बाईच्या हाती राहतो आणि दवाखान्याच्या वाटखर्चाची सोय होते. परंतु आधार जोडणी किंवा खात्याचा एखादा कागद अडला की हप्ता लांबतो, आणि कागद बहुधा त्याच घरी अडतात जिथे गरज सर्वाधिक असते. पोटातील बाळाची वाढ त्यासाठी थांबत नाही. शिवाय घरी आणलेले अन्न सर्वांत वाटले जाते व अनेक घरांत सून शेवटी जेवते, तर अंगणवाडीतले ताट तिच्याच पुढे येते. सेविकेची रोजची भेट होत असल्याने पायांवरची सूज किंवा चेहऱ्याचा फिकटपणाही लवकर लक्षात येऊ शकतो.

दूरच्या पाड्यावरून नवव्या महिन्यात, तेही पावसाळ्यात, रोज चालत येणे मात्र कठीणच. तरीही मोखाडा किंवा धडगावसारख्या तालुक्यांत मी जेवणाला प्राधान्य देईन. फक्त अशा पाड्यांवर ते घरपोच गेले पाहिजे.